सावली रेघेवर यायच्या आत

ॲशलोडमध्ये पुराला तारीख नसते, नाव असतं. 'तीन वाम' या पबच्या नदीकडच्या कोपऱ्यात एक मोठा दगड आहे, त्यावर एकाखाली एक खाचा कोरल्या आहेत. सगळ्यात वरची 'पूल'. त्या वर्षी सेव्हर्न नदीने गावचा एकुलता एक पूल नेला, आणि गाव असं रुसलं की तो पुन्हा बांधलाच नाही. तिच्याखाली 'पियानो', कारण सव्वीस वर्षांपूर्वी शाळेचा पियानो खिडकीतून बाहेर पडून चर्चच्या फाटकाशी जाऊन बसला होता. मग 'डुकरं'. सगळ्यात खाली 'मेजरची मिशी'. या नावाचा अर्थ आता कुणालाच ठाऊक नाही, पण ते पुसायचा विषय काढला की अख्खं गाव अंगावर येतं.

दोन फेब्रुवारीच्या सकाळी दहाच्या सुमारास हेस्टर याप या दगडापुढे उकिडवी बसून फूटपट्टी लावत होती. पाणी 'डुकरां'च्या दीड इंच खाली होतं आणि तासाला अर्धा इंच चढत होतं. नदीची पातळी मोजणं हा तिच्या पोटापाण्याचाच धंदा. पण आजचा आकडा कचेरीला कळवायचा नव्हता. आज हीच नदी तिला वल्हवत ओलांडायची होती.

"मोजल्यानं कमी होतं का गं पाणी?" मागून आवाज आला.

"नाही काका. पण किती भ्यायचं ते कळतं."

ॲम्ब्रोज याप पबच्या पायरीवर उभा होता. एक हात गळ्यातल्या झोळीत, दुसऱ्या हातात चहाचा मग. एकतीस वर्षं दर कँडलमसला, म्हणजे मेणबत्त्यांच्या सणाला, त्यानेच नाव पलीकडे नेली होती. गेल्या मंगळवारी कोंबड्यांच्या खुराड्यावरून पडून त्याचा खांदा निखळला, आणि तेव्हापासून गावात त्याच्याशी कुणी धड बोलत नव्हतं.

कारण पणाला लागलं होतं पलीकडचं कुरण. चारशे वर्षांपूर्वीच्या करारानुसार ते ॲशलोडच्या लोकांचं होतं, चरायला, पोहायला, जत्रेला, काहीही करायला. बदल्यात दरवर्षी कँडलमसच्या दिवशी, गावात जन्मलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने वल्हवत एक पाव पलीकडच्या मालकाच्या माणसाला नेऊन द्यायचा, दुपारच्या आत. एक वर्ष जरी चुकलं तरी कुरण मालकाकडे परत. जुने मालक भले होते, पावाबरोबर शेरी पाजायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी जमीन एका कंपनीला विकली. कंपनीला तिथे खासगी नौकांसाठी गोदी बांधायची होती. नकाशेही तयार होते, म्हणे.

आणि गावात जन्मलेली माणसं आता उरली कुठे होती? शहरात प्रसूतीचं मोठं इस्पितळ झाल्यापासून गेल्या साठ वर्षांतली सगळी ॲशलोडकर मंडळी शहरात जन्मली होती. अपवाद एकच. 'पियानो'च्या पुरात रस्ते बंद झाले आणि हेस्टर 'तीन वाम'च्या वरच्या खोलीत जन्माला आली. बाकी पात्र मंडळींत सगळ्यात धाकटा ॲम्ब्रोज, वय अडुसष्ट.

"आत ये, काहीतरी खाऊन घे," मॉड क्लटरबक आतून म्हणाली. पब तिचा, आणि हेस्टर जन्मली तेव्हा गरम पाणी आणून देणारीही तीच. "उपाशीपोटी वल्हवशील आणि मधेच चक्कर येऊन पडशील. मग तुला पण दगडावर कोरावं लागेल."

हेस्टर आत गेली. शेकोटीवर, नेहमीच्या जागी, 'भाला' लटकत होता. हातभर लांब, तांब्याचा, एका टोकाला निमुळता. यादवी युद्धात राजाच्या एका शिपायाने तो इथे टाकून पळ काढला, असं गाव पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलं होतं. महिन्याभरापूर्वी हेस्टरने स्टुलावर चढून तो नीट पाहिला आणि भर पबात जाहीर केलं की हा भाला नाही, चर्चच्या घड्याळाचा मिनिटकाटा आहे. जाड टोकाला चौकोनी भोक आहे आणि मागे तोल सांभाळायला वजन आहे, असं भाल्याला कधी असतं का?

"चर्चच्या घड्याळाला मिनिटकाटा आहे की," ॲम्ब्रोज तेव्हा म्हणाला होता. "चांगला फिरतोय. हा कुठला मग, सुटा?"

"दुसरा. आपल्याकडे सूर्य लंडनपेक्षा नऊ मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. रेल्वे आली तेव्हा लंडनची वेळ आली. मग काही वर्षं एकाच घड्याळाला दोन मिनिटकाटे होते, एक रेल्वेचा, एक गावाचा. नंतर गावाचा काढला."

पबात हशा पिकला होता. तेव्हापासून कुणीही उशिरा आलं की "मी गावच्या काट्यानं आलोय" म्हणायची पद्धत पडली. आताही मॉडने तिच्यापुढे अंडी-टोस्ट ठेवताना भाल्याकडे बोट दाखवलं. "आज जाताना ने हा बरोबर. नऊ मिनिटं जास्तीची लागली तर."

"हसा," हेस्टर तोंडात घास कोंबत म्हणाली. भीती होती, पण भीतीच्या खाली काहीतरी उसळत होतं. लहानपणापासून ती धक्क्यावर उभी राहून काकाची नाव जाताना पाहत आली होती.

प्रथेप्रमाणे पाव बेकरीतून धक्क्यापर्यंत हातोहात यायला हवा. चर्चच्या टेकडीवर बेकरी, तिथून खाली एकेचाळीस दारं, प्रत्येक दारातल्या माणसाने पाव घेऊन शेजाऱ्याच्या हाती द्यायचा. एक दार चुकलं तर त्या घराला वर्षभर तोंड दाखवता येत नाही. पाव निघतो अकराला, धक्क्यावर पोचतो सव्वाअकराला. आज मात्र खालच्या गल्लीत कमरेएवढं पाणी होतं. माणसं मासेमारीचे रबरी बूट चढवून, टेबलांवर, एके ठिकाणी तर भिंतीवर बसून पाव पुढे देत होती, आणि धक्क्यावर हेस्टर आणि ॲम्ब्रोज नावेत बसून वाट पाहत होते.

अकरा पंचवीस. अकरा तीस.

"कुठे अडलाय?" ॲम्ब्रोजने ओरडून विचारलं.

गल्लीतून उत्तर एका तोंडातून दुसऱ्या तोंडात होत आलं, पावासारखंच. "मिस टिंब्रेल!"

मिस टिंब्रेल त्र्याण्णव वर्षांच्या. घराचा खालचा मजला पाण्यात, त्या वरच्या खिडकीत. त्यांचं दार चुकवून पाव पुढे न्या असं सांगायची कुणाची छाती झाली नाही. त्यांनी दोरीला टोपली बांधून खाली सोडली, पाव वर ओढून घेतला, दोन्ही हातांनी धरला, आणि परत खाली सोडताना टोपली पन्हाळीच्या नळाला अडकली. शिडी आणेपर्यंत नऊ मिनिटं गेली. ती सगळीच्या सगळी मिस टिंब्रेल वरून सूचना देत होत्या.

पाव ॲम्ब्रोजच्या मांडीवर आला तेव्हा चर्चच्या घड्याळात अकरा चव्वेचाळीस झाले होते.

"चल," तो म्हणाला. "आपल्या काठाकाठानं वर जा, पार माल्टच्या गोदामापर्यंत. मग नदीत सोड नाव. पाणी आपोआप पलीकडच्या धक्क्यावर आणून घालील."

"गोदाम तीनशे मीटर आहे काका. तिथवर जायलाच अकरा मिनिटं लागतील."

"लागू देत."

"मी सकाळी वेग मोजलाय. सेकंदाला सव्वा मीटर. नदी एकशेचाळीस मीटर रुंद झालीये, मला ओलांडायला दोन मिनिटं. म्हणजे खाली वाहत जाणार दीडशे मीटर. दुसऱ्या वाळुंजाच्या झाडापर्यंत गेलं तरी पुरे. निम्मा वेळ वाचतो."

ॲम्ब्रोजने तिच्याकडे पाहिलं. "वेग कुठे मोजलास?"

"मोजपट्टीशी. धक्क्याजवळ."

तो काही बोलायच्या आत तिने वल्ही पाण्यात घातली होती.

काठाने वर जाणं सोपं होतं. मागून धक्क्यावरची माणसं तिच्या नावाने ताल धरत होती, वल्हं पडलं की "हेस, हेस". दुसरं वाळुंज आलं. तिने नावेचं नाक पलीकडे वळवलं आणि नदीने नाव हातातून हिसकावून घेतल्यासारखी ओढली.

काठाशी सव्वा मीटर होता तो वेग मधोमध दुप्पट होता. हे तिला माहीत असायला हवं होतं. पहिल्याच वर्षी शिकवतात, पाणी काठाशी घासतं, मंदावतं, मध्ये मोकळं धावतं. पलीकडचा धक्का डावीकडून भर्रकन मागे गेला. त्यात वरून एक अख्खं झाड मुळांसकट येत होतं. ॲम्ब्रोज शांतपणे म्हणाला, "थांब. त्याला जाऊ दे. पाहुणा आहे." ती थांबली, झाड फांद्या फिरवत समोरून गेलं, आणि तेवढ्या वेळात ते आणखी खाली वाहवले.

पलीकडच्या काठाला नाव लागली ती धक्क्याच्या अडीचशे मीटर खाली, बुडालेल्या काटेरी कुंपणात.

अकरा पंचावन्न.

"आता?" हेस्टरला धाप लागली होती.

"आता कुंपण धर आणि ओढ. वल्ही इथे चालायची नाहीत."

तिने ओढलं. हॉथॉर्नचे काटे हातमोज्यांतून आत घुसत होते. एक फांदी सोडायची, पुढची पकडायची. ॲम्ब्रोज एका हाताने मागून ढकलत होता आणि पाव कोटाच्या आत छातीशी धरून बसला होता. एकदा नाव तारांत अडकली, ती सोडवायला तिला छातीएवढ्या पाण्यात उतरावं लागलं. पाणी इतकं गार की श्वासच परत येईना. ती परत नावेत चढली तेव्हा नदीपलीकडून चर्चची घंटा सुरू झाली.

तिने मोजू नये असं ठरवलं, तरी मोजलं. बारा.

तिने पुढची फांदी पकडली.

"काका, माझ्यामुळे झालं."

"ओढ."

"गोदामापर्यंत गेलो असतो तर दोन मिनिटं राखून पोचलो असतो."

"तीन. ओढ तू. पाव द्यायचाय. घेवो ना घेवो, नेऊन द्यायचाय."

नाव धक्क्याच्या दगडाला लागली. धक्क्यावर मिस्टर पेनफोल्ड उभे होते, लांब कोट, हातात घड्याळ, काखेत वही. जुन्या मालकांकडून ते अकरा वर्षं येत होते, आता कंपनीकडून येतात. त्यांच्याबरोबर साक्षीदार म्हणून मिसेस गॉडसॉल होत्या. धक्क्याला लागूनच नावाड्यांचं जुनं दगडी तरघर आहे, त्यात त्या आणि त्यांची सात मांजरं राहतात.

"बारा चौदा," पेनफोल्ड म्हणाले. आवाजात आनंद नव्हता. त्यांनी घड्याळ हेस्टरपुढे धरलं, तिला स्वतः पाहता यावं म्हणून. "मला वाईट वाटतंय, मिस याप. खरंच. मी पावणेबारापासून तुम्हाला बघतोय. पण मला जे दिसलं तेच लिहावं लागेल."

"लिहा," ॲम्ब्रोज म्हणाला. "पण आधी मी म्हणतो ते ऐका. दरवर्षी म्हणतो, आज पण म्हणणार." तो नावेतून उतरला, ओल्या दगडावर ताठ उभा राहिला, आणि एकतीस वर्षं म्हणत आला होता तो करार पाठ म्हणू लागला.

हेस्टर नावेच्या कडेवर बसून थरथरत होती. हे शब्द तिने जन्मापासून ऐकले होते आणि म्हणूनच कधी ऐकले नव्हते. ॲशलोडचे नगरजन. स्वतःच्या वल्ह्यांनी, गावात जन्मल्या हातांनी. एक पाव, चांगल्या गव्हाचा, न मोडलेला. मेणबत्त्यांच्या सणाच्या दिवशी, तरघराच्या भिंतीवर सावली रेघेवर यायच्या आत.

ती उठून उभी राहिली. नाव डुचमळली.

"काका, शेवटचं परत म्हण."

"काय?"

"शेवटचं. सावलीचं."

"तरघराच्या भिंतीवर सावली रेघेवर यायच्या आत. म्हणजे बाराच्या आत. जुनी भाषा आहे ती."

"नाही," हेस्टर म्हणाली. "बारा असं कुठेच म्हटलेलं नाही."

तिचं डोकं आता इतकं वेगाने चाललं होतं की थंडी कुठल्या कुठे गेली. नऊ मिनिटं आपण लंडनच्या पश्चिमेला आहोत म्हणून. ती तर भाल्याचीच नऊ मिनिटं. पण सूर्य घड्याळासारखा एकसारखा चालत नाही, नोव्हेंबरात पुढे धावतो आणि फेब्रुवारीत रेंगाळतो. आज किती रेंगाळतो? तेरा मिनिटं. साडेतेरा. नऊ आणि साडेतेरा.

"मिस्टर पेनफोल्ड, आत्ता किती वाजले?"

"बारा सोळा."

"आज आपल्या इथे सूर्य माथ्यावर येणार बारा बावीस आणि वर अर्धं मिनिट. सावली अजून रेघेवर आलेली नाही. सहा मिनिटं आहेत."

पेनफोल्डनी चष्म्यावरून पाहिलं. "कुठली रेघ?"

प्रश्न रास्त होता. सगळे तरघराच्या दक्षिणेच्या भिंतीकडे वळले. भिंत नव्हतीच, आयव्हीच्या वेलींचा एक हिरवा ढीग होता. त्यातून वर, दरवाजाच्या उंचीला, एक लोखंडी सळई बाहेर आली होती. तिला एक टांगती कुंडी लटकत होती.

"मिसेस गॉडसॉल," हेस्टर म्हणाली, "ही सळई कुणी लावली?"

"मी कशाला लावू बाई? आधीपासून आहे. कुंडीला बरी म्हणून—"

"कुंडी काढते हं."

"काढ की. त्यातलं गेल्या ऑगस्टातच मेलंय."

कुंडी खाली आली. मग आयव्ही. हेस्टर दोन्ही हातांनी ओरबाडत होती, ॲम्ब्रोज एका हाताने. मिसेस गॉडसॉल आत जाऊन झाडं छाटायची मोठी कात्री घेऊन आल्या आणि सपासप वेली कापू लागल्या. "वीस वर्षं म्हणतेय ही काढायची म्हणून," त्या म्हणाल्या. पेनफोल्ड घड्याळाकडे, मग भिंतीकडे, मग परत घड्याळाकडे पाहत होते. मग त्यांनी वही कट्ट्यावर ठेवली, कोटाच्या बाह्या सारल्या आणि एक जाड वेल मुळाशी धरून ओढली. ती कोळ्यांसकट, मातीसकट खाली आली.

मागे दगड होता. दगडावर, सळईच्या बरोबर खाली, बोटभर खोल कोरलेली एक उभी रेघ. वरून खाली सरळ, टोकाला एक छोटी मेणबत्ती कोरलेली.

ॲम्ब्रोजने पुढे होऊन त्या मेणबत्तीवरून अंगठा फिरवला.

"एकतीस वर्षं," तो म्हणाला. "पाठ करून बसलो होतो."

"बारा अठरा," पेनफोल्ड म्हणाले.

पण सावली नव्हती. सूर्यासमोर राखाडी ढग पसरला होता. भिंतीवर सगळीकडे सारखाच मळकट उजेड. हेस्टरने मान वर केली. ढगाची कड दिसत होती, पांढरी झळाळती, पश्चिमेकडून सरकत येणारी. ढग जात होता. पण किती वेगाने, ते मोजायला तिच्याकडे काही नव्हतं, आणि मघाशी मोजल्याचं फळ तिने पाहिलंच होतं.

"ही सळई वाकलीये," पेनफोल्ड म्हणाले. "कुंडीच्या वजनानं. आडमुठेपणा करायचा म्हणून म्हणत नाही, पण मला वर उत्तर द्यायचंय. वाकड्या सळईची सावली मी कशी धरू?"

"खाली वाकलीये. डावीउजवीकडे वाकली असती तर गोष्ट वेगळी. भर दुपारी तेवढंच पुरतं. थांबा, दाखवते. दोरी आहे कुणाकडे? आणि काहीतरी जड?"

ॲम्ब्रोजने नावेतली दोरी दिली. जड म्हणून पेनफोल्डनी खिशातून आपल्या किल्ल्यांचा जुडगा काढला. हेस्टर कट्ट्यावर चढली, सळईच्या टोकाला दोरी बांधली आणि किल्ल्या सोडल्या. त्या थोडा वेळ झुलल्या, मग थांबल्या. पेनफोल्ड भिंतीपासून दहा पावलं मागे गेले, एक डोळा मिटला. दोरी आणि रेघ एकमेकींवर पडत होत्या, मध्ये केसाचंही अंतर नव्हतं.

"मान्य," ते म्हणाले. "बारा वीस." ॲम्ब्रोजने घाईघाईने कोटाच्या आतून पाव काढून त्यांच्या हाती दिला, आणि त्यांनी तो कट्ट्यावर वहीशेजारी ठेवला.

"ये रे बाबा," मिसेस गॉडसॉल आकाशाकडे बघून म्हणाल्या, मांजराला बोलवावं तशा.

बारा वीस आणि चाळीस सेकंद. ढगाची कड आता डोळ्यांना टोचत होती. कुरणावरच्या पाण्याचा लांबचा तुकडा आधी उजळला, मग जवळचा, मग कुंपण, मग धक्का. उजेड जमिनीवरून चालत आला आणि भिंतीवर चढला.

सळईची सावली पडली. रेघेच्या डावीकडे. काडीच्या जाडीइतकं अंतर होतं, पण होतं.

हेस्टरने श्वास रोखला. बोलली तर सावली बिथरेल असं तिला वाटलं. ॲम्ब्रोजने तिचा दंड धरला होता, चांगल्या हाताने. चौघंही भिंतीला नाक लावून उभे होते. सावलीची कड अस्पष्ट होती, दाण्यादाण्याने पुढे सरकत होती. आधी वाटलं हलतच नाही. मग एक बारीक खडबडीत दगडाचा कण, जो उन्हात होता, तो सावलीत गेला. मग रेघेची डावी कड काळवंडली.

"आली," ॲम्ब्रोज पुटपुटला.

पेनफोल्डनी घड्याळ पाहिलं. "बारा बावीस," ते म्हणाले. "आणि पस्तीस सेकंद." मग त्यांनी हेस्टरकडे असं पाहिलं, जणू तिनेच सूर्य आणून ठेवला होता. "मिस याप, तुम्ही किती म्हणाला होता?"

"बावीस आणि वर अर्धं मिनिट."

"हं." त्यांनी कट्ट्यावरची वही उघडली. बारा चौदा लिहिलेलं होतं, ते खोडलं नाही. त्याच्यापुढे सावकाश, चांगल्या अक्षरात लिहिलं. नाव लागली, बारा चौदा. पाव मिळाला, बारा वीस. सावली रेघेवर आली, बारा बावीस. मिसेस गॉडसॉलनी खाली सही केली. "वरचे लोक वकील लावतील," पेनफोल्ड म्हणाले. "त्यांना मी एवढंच सांगेन, की मी स्वतः उभा होतो आणि माझ्याच किल्ल्या लटकत होत्या."

मग त्यांनी कट्ट्यावरचा पाव उचलला. चेपला होता, एका बाजूने ओला होता, पण मोडलेला नव्हता. पेनफोल्डनी एक तुकडा तोडून तोंडात टाकला, उरलेल्यातला एक नदीला दिला, आणि बाकीचा परत केला. इतकी वर्षं ते एक घास नावापुरता खायचे. आज त्यांनी अजून एक मागितला.

पलीकडच्या धक्क्यावर गाव खोळंबून उभं होतं. बाराची घंटा झाली तेव्हा नाव कुंपणात अडकलेली त्यांनी पाहिली होती. मग चार माणसं मिळून भिंत ओरबाडताना दिसली, त्याचा अर्थ त्यांना लागेना. बहुतेकांचं म्हणणं पडलं की ॲम्ब्रोजला वेड लागलं आणि बाकीचे त्याला धरतायत.

पाव घेतला गेला की नावाड्याने वल्हं उभं धरायचं, ही खूण. हेस्टरने कुंपणाने फाटलेल्या हातांनी वल्हं उचललं आणि सरळ आकाशाकडे धरलं.

क्षणभर पलीकडे काहीच झालं नाही. मग आरोळी आली, पाण्यावरून यायला तिला अर्धा सेकंद लागला, आणि त्या अर्ध्या सेकंदात हेस्टरला माणसांचे हात वर गेलेले दिसत होते पण आवाज नव्हता. तो अर्धा सेकंद तिच्या आयुष्यभर लक्षात राहिला.

येताना ती काकाच्या सांगण्याप्रमाणे गेली. आधी काठाकाठाने पार वर, ॲम्ब्रोज म्हणाला तिथे, तो म्हणाला तेव्हाच वळली. नाव धक्क्याला अशी लागली जशी कुणी हाताने आणून ठेवावी.

संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला पहिल्यापासूनच सगळं ठाऊक होतं. भाला भाला नाही, हे तर शेंबडं पोरही सांगेल. रेघ तरघरावर असणारच, नाहीतर कराराने म्हटलं कशाला असतं? गेली दीडशे वर्षं ॲशलोड उगाचच बावीस मिनिटं आधी धावत होतं, ही मात्र आजोबांची चूक, त्यांच्या आजोबांची. मॉडने भाला खाली उतरवायला साफ नकार दिला. "काटा असेल तर असू दे," ती म्हणाली. "शेकोटीवर काटा लावला तर लोक विचारतील किती वाजले. भाला आहे तो."

"पुढच्या वर्षी आरामात निघायला हरकत नाही मग," कुणीतरी म्हणालं.

"पुढच्या वर्षी अकराला निघायचं," ॲम्ब्रोज म्हणाला. "अकराला म्हणजे अकराला. आणि ढग आला तर?"

यावर त्याला बिअर पाजली गेली.

पाच वाजता पाणी थांबलं. 'डुकरां'च्या बोटभर वर. म्हणजे नवी खाच आणि नवं नाव. हेस्टरला 'सावली' सुचलं होतं, तिने ते जरा चाचरतच सांगितलंही. सगळ्यांनी ऐकून घेतलं, छान आहे म्हणाले, आणि मग एकमताने ठरलं 'टोपली'. मिस टिंब्रेलनी वरच्या खिडकीतून, त्याच दोरीने, छिन्नी खाली पाठवली. त्यांच्या वडिलांची होती.

मॉडने खाच पाडली. हेस्टर उकिडवी बसून बघत होती, खिशात फूटपट्टी होती, ती तिने काढून लावली. खाच पाण्यापेक्षा अर्धा इंच वर पडली होती.

"बरोबर आहे ना?" मॉडने छिन्नी पुसत विचारलं.

हेस्टरने दगडाकडे पाहिलं, मग नदीकडे, मग पलीकडे कुरणाकडे. पाण्याखाली होतं, पण होतं तिथेच होतं.

"अगदी," ती म्हणाली, आणि फूटपट्टी खिशात ठेवली.